पानाचा पोत : हिवाळ्यातील हरितगृहात घ्यावयाचा एक परिसरपाठ

चौथीच्या वर्गातील वह्या उघडून पाहिल्या तर 'पानाचे भाग' या मथळ्याखाली बहुधा एकच पान आढळते. मधोमध सरळ शीर, तिच्या दोन्ही अंगांस सारख्या अंतरावर निघालेल्या उपशिरा, खाली देठ, वर टोक. रंग हिरवा आणि कड सफाईदार. हे पान कोणत्या झाडाचे, असे विचारले तर मुले वहीकडे न पाहता फळ्याकडे पाहतात, कारण ते पान तेथूनच आलेले असते. वस्तुतः याच मुलांपैकी काहींनी त्या दिवशी सकाळी भेंडी तोडलेली असते आणि तिच्या बारीक लवेने त्यांच्या मनगटांस खाज सुटलेली असते. काहींनी गुरांपुढे उसाचे वाढे टाकताना पात्याच्या करवती कडेने बोट कापून घेतलेले असते. पानास पृष्ठभाग असतो आणि तो प्रत्येक पानाचा निराळा असतो, हे या मुलांच्या हातांस पक्के ठाऊक आहे. वहीस मात्र त्याची वार्ता नाही.

एका द्विशिक्षकी शाळेत टोमॅटोचे पान कसे असते, असा प्रश्न विचारला गेला. सर्व वर्गाने एका सुरात 'हिरवे' असे उत्तर दिले. तोडणीच्या दिवसांत आईबरोबर मजुरीच्या ठिकाणी जावे लागत असल्याने जिची हजेरी नेहमी अपुरी पडे, अशी एक मुलगी मागून हळूच म्हणाली, "हात काळे होतात, गुरुजी. साबण लावला की पिवळं पाणी निघतं." पाठ्यपुस्तकात हे उत्तर नाही. गुरुजींनी ते चुकीचे ठरविले असते तर कोणी हरकत घेतली नसती. परंतु ते थांबले आणि त्यांनी तिला पुन्हा विचारले. टोमॅटोच्या पानावर व खोडावर अत्यंत बारीक, चिकट स्रावाच्या ग्रंथी असलेली लव असते. तो स्राव हातास लागून हिरवट-काळा थर बसतो आणि साबणाने धुताना पिवळा रंग सुटतो. म्हणजे त्या मुलीचे उत्तर वर्गातील सर्वांत शास्त्रशुद्ध उत्तर होते. पुढील आठवड्यात त्या शाळेने गावाबाहेरील रोपवाटिकेत जो पाठ घेतला, त्याच धर्तीच्या पाठाचा विचार येथे करावयाचा आहे.

कापडाचा पोत, जमिनीचा पोत हे शब्द मराठीत रूढ आहेत. पानाचाही पोत असतो. तो पाहण्यास डोळा, जाणण्यास बोट आणि टिपून ठेवण्यास कॅमेरा उपयोगी पडतो. आज बहुतेक शिक्षकांच्या खिशात मोबाइल आहे. त्यातील कॅमेऱ्याने कार्यक्रमांची आणि पोषण आहाराच्या पंगतींची छायाचित्रे काढून पाठविली जातात. त्याच कॅमेऱ्याने वर्षातून एकदा पानाचे छायाचित्र काढले गेले तर कॅमेऱ्याचेही थोडे भाग्य उजळेल.

पानाफुलांची छायाचित्रे वर्गासाठी काढण्याची कल्पना नवीन नाही. जर्मनीत कार्ल ब्लॉसफेल्ट (१८६५-१९३२) नावाचे एक शिक्षक होऊन गेले. तरुणपणी त्यांनी लोखंडाच्या ओतशाळेत काम शिकून घेतले होते. पुढे १८९८ च्या सुमारास बर्लिनमधील एका कलाशिक्षणसंस्थेत ते वनस्पतींवरून नमुने घडविण्याचा विषय शिकवू लागले आणि सुमारे तीस वर्षे तो शिकवीत राहिले. त्यांची अडचण आपल्या शिक्षकांच्या अडचणीसारखीच होती. वर्गात आणलेली डहाळी दुपारपर्यंत मान टाकते, आणि कळीवरील वा देठावरील बारीक रचना मागे बसलेल्या विद्यार्थ्यास दिसत नाही. म्हणून त्यांनी स्वतः जुळविलेल्या कॅमेऱ्याने वनस्पतींची मोठी करून छायाचित्रे घेतली. काही तर मूळ वस्तूच्या तीस पटींपर्यंत मोठी. पार्श्वभूमीस साधा पुठ्ठा, प्रकाश दिवसाचा, मंद व एका बाजूने येणारा. एकेका छायाचित्रासाठी काचपट्टीवर काही मिनिटे प्रकाश पडू द्यावा लागे. त्यांचे नमुने भोपळ्याच्या वेलीचे कुरळे ताणे, नेच्याची गुंडाळलेली कोवळी पाने, रस्त्याच्या कडेस उगवणारी झुडपे, असे असत. १९२८ मध्ये या छायाचित्रांपैकी १२० छायाचित्रांचा 'उरफॉर्मेन डेर कुन्स्ट', म्हणजे 'कलेची मूळ रूपे', हा ग्रंथ प्रसिद्ध झाला आणि ब्लॉसफेल्ट एकाएकी नावारूपास आले. तोपर्यंत त्यांची साठी उलटली होती आणि ही चित्रे वर्षानुवर्षे केवळ अध्यापनाचे साधन म्हणून वापरात होती.

एका बाबतीत मात्र त्यांचे अनुकरण करू नये. आकार स्पष्ट दिसावा म्हणून ते नमुना छाटून, नको ती पाने काढून मग छायाचित्र घेत. कलेच्या विद्यार्थ्यास ते उपकारक होते. परिसर अभ्यासात पान जसे असेल तसेच टिपावे. अळीने खाल्लेले भोक आणि मातीचा शिंतोडा यांसह.

हरितगृह आणि हिवाळा का?

पुणे जिल्ह्यातील मावळात गुलाबाची, तर इतरत्र अनेक तालुक्यांत ढोबळी मिरची, जरबेरा, काकडी यांची हरितगृहे उभी आहेत. ज्या गावात प्लास्टिकच्या छताचे पॉलिहाउस नाही, तेथेही हिरव्या वा काळ्या जाळीखालील रोपवाटिका जवळपास सापडते. हिवाळ्यात तेथे टोमॅटो, मिरची, कोबी, फ्लॉवर यांची रोपे ट्रेमध्ये ओळीने मांडलेली असतात. शिक्षकास याहून सोयीची मांडणी कोठे मिळणार? एकाच वयाची शेकडो रोपे, कमरेच्या उंचीवर वा पायाशी, नावांच्या पाट्यांसह. पानांवर धूळ कमी असते आणि वारा अडलेला असतो. वाऱ्याने हलणारे पान जवळून टिपणे किती कठीण, हे ज्याने एकदा प्रयत्न केला आहे त्यास सांगावयास नको.

हिवाळ्याचे कारण प्रकाशात आहे. पोत छायाचित्रात दिसतो तो सावल्यांमुळे. पानावरील प्रत्येक उंचवटा, प्रत्येक केस आपली इवलीशी सावली पाडतो. त्या सावल्या जितक्या लांब तितका पोत उठून दिसतो. दुपारचे ऊन डोक्यावर असताना नांगरलेले रान सपाट दिसते आणि सकाळच्या तिरप्या उन्हात त्याच रानातील ढेकूळ न् ढेकूळ मोजता येते. तसेच हे आहे. मे महिन्याच्या मध्यास पुण्याच्या अक्षवृत्तावर सूर्य माध्यान्ही जवळजवळ माथ्यावर येतो. २२ डिसेंबरला तोच सूर्य माध्यान्हीदेखील क्षितिजापासून सुमारे ४८ अंशच वर चढतो. म्हणून डिसेंबर-जानेवारीत सकाळच्या शाळेच्या वेळी मिळणारा तिरपा प्रकाश अधिक काळ टिकतो.

येथे एक विसंगती आहे आणि ती शिक्षकाने आधी स्वतः अनुभवून पाहावी. हरितगृहाचे दुधट प्लास्टिक येणारे ऊन सर्व दिशांस विखुरते. पिकास ते हितकर असते, कारण खालच्या पानांसही प्रकाश पोहोचतो. पण विखुरलेल्या प्रकाशात सावली पडत नाही, आणि सावली नाही तर पोतही नाही. पहिली दहा छायाचित्रे सपाट, फिकट येतात व मुले हिरमुसतात. उपाय अगदी साधा आहे. पानाच्या एका बाजूस पाटी उभी धरावी. काळी पाटी त्या बाजूचा प्रकाश अडविते, आणि लगेच पानाच्या शिरा उचलून आल्यासारख्या दिसू लागतात. पाटी दूर करावी, पुन्हा आणावी. मुलांना हा खेळ दोन-तीन वेळा पाहू द्यावा. प्रकाश व छाया यांचा स्वतंत्र पाठ विज्ञानाच्या पुस्तकात आहे, परंतु तो येथे एका मिनिटात आणि कोणतीही व्याख्या न सांगता होतो. सावली फार गडद झाली तर दुसऱ्या बाजूने वहीचे कोरे पान धरावे, म्हणजे प्रकाश परतून येतो. मोबाइलचा झगझगीत दिवा मात्र बंदच ठेवावा. तो समोरून पडतो, सावल्या पुसून टाकतो, आणि कोबीसारख्या गुळगुळीत पानावर पांढरा डाग उमटवितो.

जाण्यापूर्वी

हरितगृह हे कोणाच्या तरी उपजीविकेचे साधन आहे. तेथे पंचवीस मुले घेऊन जाण्यापूर्वी शिक्षकाने स्वतः जाऊन मालकांची वा तेथे काम करणाऱ्या काकूंची भेट घ्यावी आणि पहिला प्रश्न फवारणीचा विचारावा. बंदिस्त जागेत औषधाचा अंश हवेत व पानांवर अधिक काळ राहतो. शेवटची फवारणी कधी झाली, कोणत्या औषधाची झाली, डब्यावर किती काळ आत जाऊ नये असे लिहिले आहे, हे समजून घेतल्याशिवाय मुलांस नेऊ नये. उत्तर संदिग्ध मिळाले तर पाठ पुढे ढकलावा, किंवा शाळेच्या परसबागेत घ्यावा. या एका बाबतीत उत्साहास थारा नाही.

दुसरी गोष्ट पिकाच्या हिताची. दुहेरी दारे, दाराशी पाय बुडविण्याची उथळ टाकी ही व्यवस्था कीड व रोग आत येऊ नयेत म्हणून असते. ती का आहे हे मुलांना सांगून तिचे पालन करून घ्यावे. सर्वांनी साबणाने हात धुवावेत. टोमॅटो व मिरची यांना होणारा तंबाखूच्या मोझॅकचा विषाणुजन्य रोग हातांवाटे पसरतो, आणि तंबाखूच्या पुडीतूनही तो हातावर येऊ शकतो. तेव्हा तळहातावर तंबाखू मळण्याची सवय असलेल्या गुरुजींनी त्या दिवशी पानांस हात न लावणेच इष्ट. पुढेही ती सवय सुटली तर उत्तमच.

तिसरी गोष्ट कॅमेऱ्याची. थंडीच्या सकाळी बाहेरचा गार मोबाइल आतील दमट, उबदार हवेत नेला की त्याच्या भिंगावर वाफ जमते व सर्व चित्रे धुक्यातली येतात. दहा-पंधरा मिनिटे मोबाइल आतील हवेशी जुळू द्यावा, मग मऊ सुती कापडाने भिंग पुसावे. ही दहा मिनिटे वाया जात नाहीत. तेवढ्या वेळात मुलांनी डोळे मिटून पाने स्पर्शावीत.

पाठाचा खरा आरंभ या स्पर्शापासूनच करावा. कॅमेरा प्रथम दिला तर मुले कॅमेऱ्याकडे पाहतात. शिक्षकाने गळून पडलेली वा मालकांनी तोडू दिलेली चार-पाच पाने जमा करावीत आणि डोळे मिटलेल्या मुलाच्या हाती एकेक द्यावे. त्याने एकच शब्द सांगावयाचा. मराठी भाषा या ठिकाणी फार उदार आहे. खरखरीत, खडबडीत, राठ, चरचरीत, चामट, तुळतुळीत, तकतकीत, बुळबुळीत, लुसलुशीत, मखमली, चिकट, सुरकुतलेले, दातेरी: असे शब्द मुलांच्या तोंडून आपोआप येतात, आणि घरातील बोलीचे काही शब्द शिक्षकासही नवे वाटतात. ते सर्व फळ्यावर लिहावेत. प्रमाणभाषेचा आग्रह येथे धरू नये. 'तकतकीत' हा डोळ्याचा शब्द आणि 'खरखरीत' हा बोटाचा, हा भेद मुलांनीच शोधून काढावा. डोळे मिटून 'तकतकीत' म्हणणारा मुलगा सापडला तर वर्ग हसतो, आणि तो भेद सर्वांच्या कायमचा लक्षात राहतो.

त्यानंतर चार-चार मुलांचे गट करावेत व प्रत्येक गटास तीनच छायाचित्रे काढण्याची मुभा द्यावी. मोबाइलमध्ये शेकडो चित्रे मावतात हे खरे; परंतु मर्यादा नसेल तर मुले पाहण्याचे सोडून बटण दाबीत राहतात. तीनच मिळणार म्हटल्यावर गटात चर्चा होते, कोणते पान, कोणती बाजू, प्रकाश कोठून. ती चर्चा हाच पाठ होय.

तांत्रिक सूचना फार नाहीत. मोबाइल पानाच्या चार बोटांहून जवळ नेला तर बहुतेक साध्या कॅमेऱ्यांत चित्र धूसर येते. याहून जवळ जावयाचे असेल तर विज्ञान पेटीतील बहिर्गोल भिंग मोबाइलच्या भिंगापुढे चिकटवावे. मग पान अगदी जवळ धरावे लागते आणि हात किंचित हलला तरी चित्र बिघडते. म्हणून मोबाइल विटेवर किंवा वह्यांच्या चळतीवर टेकवावा. चित्र घेण्यापूर्वी पडद्यावर पानाच्या ज्या भागावर बोट टेकवावे तो भाग स्पष्ट होतो. फिकट, लवेच्या पानामागे काळी पाटी धरावी, गडद पानामागे पांढरा कागद. शिरांचे जाळे दाखवावयाचे असेल तर पान प्रकाशाकडे धरून मागून उजेड येऊ द्यावा. प्रत्येक चित्रात मोजमापासाठी एक ज्वारीचा दाणा ठेवावा. दाण्यावाचून मोठे केलेले चित्र पाहताना पान केवढे होते हे आठवड्यानंतर कोणासही सांगता येत नाही.

काय पाहावयाचे

पाहण्यासारखे पुष्कळ असते. त्यांतील तीन-चार गोष्टींवर अधिक वेळ द्यावा.

क्षणभंगुर वस्तूस आपण अळवावरचे पाणी म्हणतो. हे पाणी क्षणभंगुर का, हा प्रश्न मात्र क्वचित विचारला जातो. अळू बहुतेक घरांच्या मोरीपाशी असतो आणि रोपवाटिकेतील कोबीच्या पानावरही हाच प्रकार दिसतो. पानावर पाण्याचा एक थेंब सोडावा. तो पसरत नाही. मोत्यासारखा गोल राहून घरंगळतो. आता पानाचा रुपयाएवढा भाग अंगठ्याने हलकेच चोळावा आणि तेथे थेंब सोडावा. तो तेथे चिकटून पसरतो. दोन्ही थेंब पानाच्या पातळीवरून, आडवे पाहून टिपावेत. ही दोन चित्रे शेजारी ठेवली की मुले स्वतःच म्हणतात की चोळल्याने काहीतरी निघून गेले. ते 'काहीतरी' म्हणजे मेणाचा अतिसूक्ष्म थर. अळू आणि कमळ यांच्या पानांवर डोळ्यांस न दिसणारे उंचवटे असतात व त्यांवर मेणाचे कण असतात. थेंब या टोकांवर टेकतो, खाली हवा राहते, म्हणून तो पानास धरू शकत नाही. घरंगळताना धुळीचे कणही घेऊन जातो. कमळाच्या पानावरील या स्वच्छतेचा सविस्तर अभ्यास विल्हेल्म बार्थलॉट व क्रिस्टोफ नाइनहुइस या जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञांनी १९९७ मध्ये प्रसिद्ध केला. जे पान गुळगुळीत दिसते ते वस्तुतः खडबडीत आहे म्हणून पाणी टिकत नाही, हे ऐकून मोठी माणसेही चकित होतात.

शेतकऱ्यांच्या मुलांस येथे आणखी एक प्रश्न विचारावा. कोबीवर वा कांद्यावर फवारणी करताना औषधात 'स्टिकर' का मिसळतात? घरी तो डबा सर्वांनी पाहिलेला असतो. पानावर मेण असल्यामुळे औषधाचे थेंबही घरंगळून जातात. ते पसरून चिकटावेत म्हणून ते द्रव्य मिसळावे लागते. दहा वर्षांचे मूल हे उत्तर घरी जाऊन वडिलांस सांगते तेव्हा शाळेविषयी घराचे मत थोडे बदलते.

दुसरी पाहण्याजोगी गोष्ट सकाळच्या थेंबांची. हिवाळ्याच्या सकाळी पानांवर दिसणारे सर्व पाणी दव नसते. दव हवेतील बाष्पाचे बनते आणि पानभर बारीक कणांनी पसरते. परंतु काही पानांच्या कडेवर, प्रत्येक दात्याच्या टोकाशी एकेक टपोरा थेंब नेमका बसविल्यासारखा दिसतो. महाबळेश्वर-पाचगणीकडील स्ट्रॉबेरीच्या पानांवर तो फार सुंदर दिसतो. टोमॅटोच्या रोपांवर, आणि गव्हाच्या कोवळ्या पात्यांच्या टोकांवरही आढळतो. ओलसर मुळांनी रात्री वर ढकललेले पाणी शिरांच्या शेवटी असलेल्या छिद्रांतून बाहेर येते, त्याचे हे थेंब. यास बिंदुस्राव म्हणतात. हरितगृहात प्लास्टिकच्या छतावर जमलेले पाणीही ठिबकत असते. तेव्हा दव, बिंदुस्राव आणि छताचे पाणी या तिघांना छायाचित्रावरून वेगळे ओळखा, असे मुलांना सांगावे. थेंब कोठे बसला आहे आणि किती नियमाने बसला आहे, यावरून ते ओळखता येते. हे थेंब उन्हे वर येताच वाळतात, म्हणून या निरीक्षणास सकाळी लवकर पोहोचावे लागते. हरितगृहाच्या बांधाशी हरभरा असेल तर परत येताना तोही पाहावा. त्याच्या पानांवरील लवेतून आंबट स्राव पाझरतो. पहाटे दवात रोपांवर स्वच्छ फडके फिरवून 'आंब' धरण्याची रीत वडीलधाऱ्यांपैकी कोणास तरी ठाऊक असतेच. त्यांना शाळेत बोलावून ती ऐकावी.

तिसरी गोष्ट फसवी आहे. थंडीत ढोबळी मिरची, काकडी, जरबेरा यांच्या पानांवर भुरी येते. मुले ती पांढरी पूड पाहून पान 'मखमली' असल्याचे सांगतात. ती बुरशी असते. परंतु केवळ 'चूक' म्हणून थांबू नये, कारण प्रश्न सोपा नाही. भुरी बोटाने पुसली जाते, हे खरे. पण केळीच्या पानामागील पांढरा मेणही पुसला जातो. जरबेऱ्याच्या पानाच्या पाठीवर तर स्वतःची पांढरी लोकर असते. मग ओळखावे कसे? पानाचा स्वतःचा पोत साऱ्या पानभर एकसारखा असतो आणि त्या जातीच्या सर्व रोपांवर असतो. रोग ठिपक्याठिपक्यांनी येतो. एका पानावर असतो, शेजारच्या पानावर नसतो. म्हणून अशा वेळी एका छायाचित्रावर भागत नाही. चार निरनिराळ्या रोपांची पाने टिपून शेजारी ठेवावी लागतात. एका नमुन्यावरून निष्कर्ष काढू नये, हे तत्त्व पुस्तकांत वारंवार छापलेले असते; येथे ते मुलांच्या हाती लागते. भुरी आढळल्यास मालकांना आवर्जून दाखवावी. मुलांच्या छायाचित्रावरून रोग वेळेत कळला तर पुढील वर्षी शाळेचे स्वागत निराळ्या रीतीने होईल.

ज्या शाळेस दोनच पाने टिपावयास वेळ मिळेल तिने आतील व बाहेरील पान टिपावे. टोमॅटोचे वा मिरचीचे एकाच वाणाचे रोप जाळीखाली असते आणि तेच रोप शेजारच्या रानात उन्हात लावलेले असते. जाळीखालील पान बहुधा मोठे, पातळ, मऊ. बाहेरील लहान, जाड आणि राठ. शेतकरी रोप लावण्याआधी काही दिवस पाणी कमी करून ते उघड्यावर ठेवितात, म्हणजे ते कणखर होते. हा शब्दही मुलांस ऐकवावा. ज्वारीचा दाणा, प्रकाशाची दिशा आणि अंतर दोन्ही चित्रांत सारखे ठेवावे. अन्यथा दिसणारा फरक पानाचा की उजेडाचा, हे सांगता येणार नाही. कोणती गोष्ट बदलली आणि कोणती तशीच ठेवली याचे भान प्राथमिक शाळेत याहून सोप्या प्रयोगाने क्वचितच येते.

मजुरीच्या निमित्ताने अशा ठिकाणी जाणारी मुले या पाठात पुढे येतात, हा अनुभव येतोच. सुरुवातीस उल्लेखिलेल्या मुलीने त्या दिवशी आपल्या गटास पान कसे धरावे म्हणजे देठ मोडत नाही, हे दाखविले आणि 'चिकट' व 'चिवट' यांतील फरकही सांगितला. ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांनी तत्कालीन ठाणे जिल्ह्यात कोसबाड येथे गुरे राखणाऱ्या आदिवासी मुलांसाठी कुरणशाळा चालविली; मुले जेथे गुरे घेऊन जात तेथेच शिक्षण पोहोचविले. हरितगृहातील एका सकाळीस तेवढी थोरवी देण्याचे कारण नाही. परंतु ज्या मुलाच्या गैरहजेरीची नोंद हजेरीपटावर लाल शाईने होते, त्या गैरहजेरीत त्याने काय पाहिले हे विचारण्याची ही एक संधी आहे. मात्र मुलांच्या मजुरीचे कौतुक होऊ नये. त्या मुलीने हजेरीच्या दिवशी वर्गात असावे यासाठी तिच्या आईशी बोलणे हे कामही त्याच सकाळी उरकता येते, कारण त्या तेथेच भेटतात.

शाळेत परतल्यावर

छायाचित्रे मोबाइलमध्ये पडून राहिली तर पाठ अर्धाच झाला. प्रत्येक गटाने तिहींतून एक चित्र निवडावे. निवडलेले चित्र पडद्यावर मोठे करून मुलांनी ते पाहून वहीत काढावे. फळ्यावरील पान यावेळी पुसलेलेच असावे. चित्राखाली तारीख, वेळ, ठिकाण, पिकाचे नाव, पानाची वरची की खालची बाजू, आणि स्पर्शाच्या वेळी सुचलेला शब्द लिहावा. पुष्कळदा चित्र व शब्द यांचा मेळ बसत नाही. बोटास राठ लागलेले पान चित्रात मऊ दिसते. असे झाल्यास प्रकाश कोणत्या बाजूचा होता याची चर्चा करावी व जमल्यास ते पान पुन्हा टिपावे. कॅमेऱ्यापेक्षा बोटावर विश्वास ठेवणारे मूल चुकत नाही, हे अशा वेळी उघड सांगावे.

चित्रे छापून घेण्यास खर्च येतो. वर्षाकाठी चार-पाच चित्रे तालुक्याच्या ठिकाणी छापून जाड कागदावर चिकटवावीत. बाकीची शाळेच्या संगणकात पिकाच्या नावाने ठेवावीत. ज्या शाळेत मोबाइलचा वापर शक्य नाही तेथे पान पाठीकडून वर ठेवून त्यावर पातळ कागद ठेवावा आणि खडूची आडवी कांडी फिरवावी. शिरांचा पोत कागदावर उमटतो. सागाचे किंवा पारिजातकाचे खरखरीत पान यासाठी उत्तम. पारिजातकाच्या पानाने पूर्वी लाकूड घासून गुळगुळीत करीत. ते मुलांनी पेन्सिलीच्या लाकडावर घासून पाहावे.

ट्रेमधील टोमॅटोची रोपे साधारण महिन्याभरात लावणीस जातात. पहिल्या भेटीत ज्या रोपास मुलांनी दोरा बांधून खूण केली असेल, ते कोणाच्या शेतात लागले याची चौकशी मालकांकडे करून ठेवावी. फेब्रुवारीत त्याच रोपाचे पान, त्याच बाजूने, त्याच ज्वारीच्या दाण्यासह पुन्हा टिपावे. तोपर्यंत सूर्य वर सरकलेला असतो, म्हणून या वेळी अर्धा तास लवकर निघावे.